बापट काकांच्या हिरड्या

दाताच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात, कारण पेशंट तोंड उघडून बसलेला असतो आणि त्याला बोलता येत नाही. मी हात बाहेर काढले की आतापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर येतं. दिल्लीतल्या द्वारकेत माझं क्लिनिक आहे, तिथे दातांना तारा लावायला येणारी बरीचशी मंडळी मराठी. त्यांच्या गमती मैत्रिणींना सांगायला बसले की गाडी शेवटी बापट काकांवर येऊन थांबते. म्हणून आज सुरुवातच त्यांच्यापासून करते.

* * *

बापट काका पहिल्यांदा आले ते काकूंना घेऊन. केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. जवळचे सगळे डॉक्टर सोडून मेट्रोने माझ्याकडे यायचे, कारण इथे तक्रार मराठीत करता येते. मी काकूंना खुर्चीत बसायला सांगितलं, तर काका पुढे आले.

"पेशंट मी आहे."

वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले, त्यामुळे तोंड मिटून हसायची जन्माची सवय. म्हणाले, "दोनेक वर्षांत रिटायर होतोय. फेअरवेलला ग्रुप फोटो काढतात. त्यात एकदा मोकळेपणी हसायचंय, बस."

काकू शांतपणे म्हणाल्या, "लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा हे एका फोटोत हसलेले नाहीत. माझ्या माहेरी, साताऱ्याला, अजून समजूत आहे की मुलाची मर्जी नव्हती, घरच्यांनी बळेच बोहल्यावर चढवलं."

काका तोंड मिटून हसले. मला माणूस तिथेच आवडला. पण अट मी आधीच सांगून ठेवली. हिरड्या सुजलेल्या दिसल्या तर काम पुढे सरकणार नाही, आणि मग फोटो तारांसकट निघेल.

* * *

तारा लावल्यानंतरच्या पहिल्याच भेटीत हिरड्या लालभडक, फुगलेल्या. नुसता आरसा लागला तरी रक्त.

"काका, ब्रश करता ना?"

"सध्या स्थगित आहे."

"म्हणजे?"

"रक्त यायला लागलं, तेव्हा हिरड्यांना जरा विश्रांती दिली. वरून ऑर्डर होती." हे म्हणताना त्यांनी काकूंकडे पाहिलं.

ही चूक घरोघरी होते. तारांभोवती अन्न अडकतं, हिरडीच्या कडेला साठत जातं, हिरडी सुजते आणि रक्त येतं. अशा वेळी ब्रश थांबवला की आणखी साठतं. उलट मऊ ब्रश घेऊन, नेमकं त्याच कडेला, हलक्या हाताने घासायचं असतं. त्या दिवशी मी तारांना हात लावला नाही. काका इतके पडेल चेहऱ्याने उठले की मलाच कसंसं झालं. दारापर्यंत पोचल्यावर काकू त्यांना हळूच म्हणाल्या, "ऑर्डर मागे घेतली हं."

* * *

तारेखालून घालायला एक बारका ब्रश मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी पिल्लू. मी तो काकांना दिला. पुढच्या वेळी म्हणाले, हरवला. दुसरा दिला, तोही हरवला. तिसऱ्या वेळी माझे दोन्ही हात काकांच्या तोंडात असताना काकूंनी विचारलं, "डॉक्टर, हे ब्रश डझनभर एकदम मिळतील का हो? कुकरच्या शिट्टीत काय बरोब्बर जातो!"

काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांना तेवढंच शक्य होतं.

* * *

शनिवारी त्यांच्याच वेळेला माझी दुसरी एक पेशंट यायची, ईशा. शाळकरी मुलगी, दिल्लीतच वाढलेली. हिरड्या म्हटलं की आईकडे बघायची, मसूडे म्हटल्यावर तिला कळायचं. पण तारांभोवती घासायची मात्र चोख. मी दोघांना एकदा गुलाबी गोळी चघळायला दिली. जिथे घासायचं राहून गेलंय तिथे तिचा रंग चढतो. ईशाचा एक कोपरा तेवढा गुलाबी झाला. काकांचे मात्र ओठ, जीभ, दात, सगळेच रंगले.

"अंकल, आप तो फेल हो गए यार," ईशा म्हणाली.

मी म्हटलं, इथेच घासून जा. पण काकांना काकूंना दाखवायचं होतं, की बघ, एवढं राहतं, म्हणून ब्रश पळवत जाऊ नकोस. तसेच मेट्रोत बसले. समोरच्या बाईंनी त्यांच्याकडे दोन-तीनदा पाहिलं आणि शेवटी राहवलं नाही. "भाईसाहब, पान खाना है तो घर पे खाइए. ट्रेन में थूकना मना है." ज्या माणसाने जन्मात पान खाल्लं नाही, तो पुढच्या स्टेशनला उतरून डबा बदलून बसला.

* * *

दिल्लीत जानेवारी आमच्या धंद्याचा सीझन. लोहडीला शेजारीपाजारी तिळाची रेवडी आणि गजक देतात, लगेच आपली संक्रांत येते. नंतरचा आठवडाभर मी लोकांच्या तोंडातून नुसते तीळ काढत असते. काकांनी ऑफिसात रेवडीला हात जोडले, गजकला हात जोडले, फार अभिमानाने सांगितलं मला.

"मग ही एवढीच जागा का सुजलीये?"

हिरडीच्या कडेतून मी एक अख्खा तीळ काढून दाखवला. काका त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हा घरचा आहे. गोड बोला म्हणत हिने हातावर ठेवला, तर नाही कसं म्हणणार?" मग म्हणाले, कागदात बांधून द्या, हिला दाखवतो.

* * *

त्यानंतर मात्र काकांनी मनावर घेतलं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ब्रश, पेस्ट, छोटा टॉवेल. डबा खाल्ला की वॉशरूममध्ये आरशासमोर उभं राहून घासायचं. कोणाला काही सांगायची सोय नाही, तोंडात फेस. थोड्याच दिवसांत मंत्रालयात सगळे त्यांच्याशी फार प्रेमाने वागायला लागले. कोणी डब्यातली भाजी जास्त वाढायचं, कोणी पाठीवर हात ठेवायचं. काकांना वाटलं, रिटायरमेंट जवळ आली म्हणून असेल.

शेवटी एक ज्युनिअर केबिनचं दार लावून आत आला. "सर, बुरा मत मानिएगा. घर की बातें घर में ठीक हो जाती हैं. तब तक नोएडा में मेरा फ्लैट खाली पड़ा है."

* * *

फेअरवेलच्या चार दिवस आधी मी तारा काढल्या. दात सरळ, हिरड्या गुलाबी, घट्ट, कुठे रक्ताचा ठिपका नाही. काका आरशात बराच वेळ हसून बघत होते. काकू पर्समध्ये उगीचच काहीतरी शोधत होत्या. मला खूप आनंद झाला, अगदी घरातलं कार्य पार पडल्यासारखा.

पुढच्या आठवड्यात दोघं पेढे घेऊन आले. काकूंनी फोन पुढे केला. ग्रुप फोटो. मागच्या रांगेतले सगळे छान हसतायत आणि मधोमध हार घातलेले काका, तोंड गच्च मिटून.

"काका, अहो, हे काय?"

"फोटोच्या आधी समोसे आले. साहेबांनी स्वतःच्या हाताने भरवला." काकांचा आवाज पडला होता. "ड्रॉवर सकाळीच रिकामा केलेला. ब्रश खोक्यात, खोकं गाडीत. दातांवर समोसा घेऊन हसू?"

एका फोटोसाठी केवढा खटाटोप केला होता आम्ही.

"पुढचा बघा," काकू म्हणाल्या. "घरी आले ते हार न काढताच बेसिनवर गेले. घासून झाल्यावर मला म्हणाले, लग्नातला शालू काढ."

मी बोटाने फोटो सरकवला. क्वार्टरचा हॉल, मागे सामान बांधलेली खोकी, शालू नेसलेल्या काकू. शेजारी तोच हार घातलेले काका, वरच्या हिरड्यासुद्धा दिसतील इतके हसणारे.

"साताऱ्याला पाठवला हा," काकू म्हणाल्या. "दादाचा लगेच रिप्लाय आला."

चष्मा वर करून त्यांनी तो वाचून दाखवला.

"म्हणजे मुलाची मर्जी होती तर."