स्वयंपाकघरात ठेवलेला फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असंही नाही. वेळा पुष्कळ आल्या. विजयाच्या दहाव्याला आली, वर्षश्राद्धाला आली, परवा भाजी घेताना जुने सहकारी भेटले तेव्हाही आली. प्रत्येक वेळी समोरचा माणूस आवाज खाली आणून तेच म्हणतो – “सर, वहिनींनी तुम्हाला वेळेत कळू दिलं नाही हो.” आणि मी मान हलवतो.

नुसती मान हलवणं म्हणजेही खोटं बोलणंच की नाही?

माइकपासून सुरुवात करतो. तेवढं सांगायला सोपं आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम अंगावर घेतलं. कॉम्प्युटरला लावायचा माइक होता, तो महिन्याभरात खरखरायला लागला. नवा आणायला निघालो तर विजया म्हणाली, “नवा कशाला? माझा जुना फोन पडलाय की कपाटात.” तिनं कुठंतरी व्हिडिओ पाहिला होता. एक ॲप फोनमध्ये घातलं, त्याचाच जोडीदार कॉम्प्युटरमध्ये, आणि घरातल्या वायफायवर दोन्हींची गाठ घालून दिली. फोन ऐकणार, कॉम्प्युटर मुद्रित करणार. मध्ये वायर नाही. मी मराठीचा माणूस, मला हे चमत्कारासारखं वाटलं. तिला वाटलं नाही.

आमचं घर सोलापूरच्या भवानी पेठेत. मागच्या भिंतीला लागून टॉवेलचे माग, दिवसभर खडखड. दुपारी एक ते दोन कामगारांची जेवणाची सुट्टी – तेवढाच तास शांत. त्या तासात मी मधल्या खोलीत बसायचो, दाराला दोन सोलापुरी चादरी टांगून, आणि फोन तोंडासमोर धरून वाचायचो. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, कारण त्याचा पंखा फार घुमायचा. पहिल्या दिवशी एक अडचण आली. फोनचा पडदा काळा झाला की आवाज तुटायचा. विजयानं फोन हातात घेतला, काहीतरी दाबलं, आणि परत दिला. म्हणाली, “घ्या. आता काळा पडला तरी ऐकत राहील.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही. म्हणजे – ठेवलं नाही असं मी स्वतःला सांगत आलो.

वाचून झालं की फोन मी तिच्याकडे द्यायचो. कॉम्प्युटरचा सोडला तर घरात धड चालणारा प्लग एकच, स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी. तिथं ती फोन चार्जिंगला लावायची. मी बाहेरच्या खोलीत हेडफोन घालून चुका कापत बसायचो. साडेचारला ती यायची आणि टेबलावर दोनदा टकटक करायची, कारण हेडफोनमुळे हाक ऐकू यायची नाही. टकटक म्हणजे चहा. असं आमचं चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं.

मग आषाढीनंतर ती गप्प व्हायला लागली.

गप्प म्हणजे – मी स्वयंपाकघरात गेलो की बोलणं थांबायचं. नव्या फोनवर बोलत असली तर “बरं, मग ठेवते” म्हणून ठेवायची. मंगळवारी दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडायची आणि येताना पिशवी रिकामी. मी विचारलं, तर “भाजी चांगली नव्हती” म्हणाली. मंगळवारच्या बाजारात भाजी चांगली नाही? एकदा कपाटात साड्यांच्या घडीखाली तिनं एक कागद सरकवला. मी दारातून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिथंच विचारायला हवं होतं. मी काय केलं? आत जाऊन पुस्तक उघडून बसलो आणि एकच पान तासभर वाचलं.

मला काय वाटत होतं तेही सांगतो, लपवून काय उपयोग. आधी वाटलं, मला कंटाळलीये. मग वाटलं, माळशिरसला माहेरी जाऊन राहायचा विचार आहे. आणि मग – बत्तीस वर्षांच्या संसारानंतर, साठीच्या माणसाला – वाटलं की कुणीतरी आहे. कोण असणार? तिचं जग म्हणजे मी, बेंगळुरूला राहणारी मुलगी, आणि धाकटी बहीण शोभा. पण संशयाला माणूस लागत नाही. रिकामी पिशवी पुरते.

अशात एके दिवशी फोन विजयाला देऊन मी पुढचा पाठ चाळत चादरींआडच बसून राहिलो, आणि कॉम्प्युटरवरचं मुद्रण थांबवायला विसरलो. पाठ संपल्यावर पुढं चाळीस मिनिटं आमचं स्वयंपाकघर होतं. फोडणी, भांडी, मागांची खडखड, आणि त्याखाली विजया शोभाशी बोलत होती. हात कामात असले की ती नवा फोन स्पीकरवर ठेवायची, म्हणून दोघींचा आवाज होता.

“दाजी काय करत्यात?” शोभानं विचारलं.

“बसल्यात की आत, चादरी टांगून. तंबूतल्या साधूगत. उगं हातात शंख तेवढा न्हाय.”

दोघी खूप हसल्या. मी ते तीन वेळा ऐकलं. हसण्याचं वाईट वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच – की हा आवाज माझ्या ओळखीचा नाही. लग्न झाल्यावर मी तिचं बोलणं सुधारलं होतं. ‘न्हाय नव्हे, नाही.’ ‘लई नव्हे, खूप.’ चार लोकांत हसून टोकायचो, आणि ती शिकली. बत्तीस वर्षं माझ्याशी जपून, शुद्ध बोलली. आणि इथं, डब्यांशेजारी, ती आपली आपली होती.

पहिल्या दिवशी चुकून झालं. दुसऱ्या दिवसापासून चुकून नाही.

दुसऱ्या दिवशी पाठ संपल्यावर मी ॲप तसंच चालू ठेवलं, पडदा काळा केला, आणि फोन तिच्या हातात दिला. “चार्जिंगला लाव,” म्हणालो. आवाज अगदी नेहमीचा होता. मग बाहेर येऊन हेडफोन घातला. काळा पडदा म्हणजे बंद फोन, असं तिला वाटेल हे मी धरून चाललो. ज्या बाईनं ते ॲप स्वतः घातलं तिला! शिकलेल्या माणसाचा हा एक आंधळेपणा असतो. आपल्याला जे सोयीचं, ते बायकोला कळत नाही, असं तो खुशाल धरून चालतो.

आठवडाभर नुसतं घरगुती बोलणं. मी जवळजवळ निराश झालो होतो – हो, निराश. मग एका दुपारी शोभाचा आवाज चढला.

“आक्का, गाठ हाय म्हंतीस आन् गप बसतीस? दाजींना सांग की!”

“हळू बोल गं. दुखत न्हाय. त्या मंगळवारच्या डॉक्टरनी कागद लिवून दिलाय. तपासनी करा म्हंत्यात. करू की.”

“कवा?”

“ज्यांच्यासाठी वाचत्यात त्या पोरांची परीक्षा हाय, पुस्तक संपू दे. दिवाळी झाली की सांगते. आत्ता सांगितलं तर ते आदी घाबरत्याल. मग मीच त्यांना धीर देत बसू व्हय?”

मागांची खडखड चालूच होती. मी हेडफोन काढला. घर अगदी तसंच होतं. ती आत होती, दहा-बारा पावलांवर.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? उठून आत गेला असता ना? ‘चल, कपडे बदल, आत्ता जाऊ’ – एवढंच म्हणायचं होतं. पण ती विचारणार होती, ‘तुम्हाला कसं कळलं?’ आणि त्याचं उत्तर माझ्या गळ्यात अडकवलेल्या हेडफोनमध्ये होतं.

मी उठलो नाही.

रात्री जेवताना विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” ती म्हणाली, “बरी आहे की. का हो?” आणि माझ्याकडे बघत राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी वरणात भात कालवला. दुसऱ्या दिवशी पेपरातलं आरोग्याचं पान उघडून ओट्याजवळ ठेवलं. तिनं ते नीट कापून डब्यांच्या फळीवर अंथरलं. तपासणीचं शिबिर आहे असं कुणाकडून कळल्याची एक गोष्टही मी रचली होती, पण ती सांगायला धीर झाला नाही. स्वतःच्या बायकोला दवाखान्यात न्यायला मी निमित्तं शोधत होतो. आणि ऐकणं? ऐकणं मी थांबवलं नाही. रोज ऐकत होतो. आता तर म्हणायचो, तिच्या काळजीपोटी ऐकतोय.

असे दोन महिने गेले.

दिवाळीला शोभा आली आणि तिनंच बाहेरच्या खोलीत बसून मला सांगितलं. विजया दारात उभी होती, हातात चकल्यांचं ताट. मी – हे लिहायला मला दोन दिवस लागले – मी धक्का बसल्याचा चेहरा केला. “काय? कधीपासून? मला कुणी सांगितलं कसं नाही?” असंही म्हणालो. शेवटचं जरा मोठ्यानं म्हणालो. विजया माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. रागावून नाही. एखादा विद्यार्थी पाठ केलेलं उत्तर म्हणतो तेव्हा मी त्याच्याकडे कसा बघायचो, तसं. मग तिनं ताट टेबलावर ठेवलं आणि आत गेली.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “किती दिवसांपासून आहे?” तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “आत्ताच लक्षात आलं.” डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले, दोनेक महिने आधी आला असता तर बरं झालं असतं. किती बरं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढं वर्षभर ती होती. त्या वर्षात मी तिची सगळी सेवा केली. लोक तेही सांगतात एकमेकांना.

ऐकलेलं सगळं मी मुद्रित करून ठेवलं होतं. ती गेल्यावर तिचा तेवढाच आवाज माझ्याकडे उरला आहे. पुसायला हवं, पुसवत नाही. त्यातली एक दुपार मी पुन्हा कधीच लावलेली नाही. लावायची गरजही नाही.

ती दिवाळीच्या तीन आठवडे आधीची. माग चालू होते. मी हेडफोन घालून बसलो होतो. स्वयंपाकघरात कुणाशी बोलणं चालू नव्हतं. आधण उकळल्याचा आवाज आला, गाळणीचा आला, दोन कप ठेवल्याचा आला. मग पावलं. डब्यांच्या फळीकडे आली. इतक्या जवळ आली, की मला तिचा श्वास ऐकू आला.

“अहो,” ती म्हणाली. अगदी हळू. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं इतकं हळू. “चहा ठेवलाय. येताय ना?”

मधे एक अख्खी खोली, माझ्या कानांवर हेडफोन, मागे मागांची खडखड. तो आवाज भिंतीतून येणं शक्य नव्हतं. तो फक्त एकाच वाटेनं माझ्यापर्यंत येत होता, आणि ती वाट तिनंच घालून दिली होती.

मी उठलो असतो तर कळलं असतं की मी ऐकतो. एवढंच झालं असतं. मी आत गेलो असतो, चहा घेतला असता, आणि मग कुणालाच काही लपवायला उरलं नसतं.

ती तिथून हलली नाही. वाट बघत होती. किती वेळ ते मला माहीत आहे, कारण कॉम्प्युटरच्या पडद्यावर मिनिटांचे आकडे पुढं सरकताना दिसत होते. मी ते आकडे बघत होतो. हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती – उठण्यासाठी की न उठण्यासाठी, ते आजही सांगता येत नाही. मग एका कपातला चहा मोरीत ओतल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला, बंद झाला. आणि पडद्यावरची आवाजाची लाट एकदम सरळ झाली.

मी मनात म्हटलं, वायफाय गेलं असेल.

त्या दिवशी टेबलावर टकटक झाली नाही. दुसऱ्या दिवशी एक वाजता तिनं फोन माझ्या हातात दिला. “पूर्ण चार्ज झालाय,” ती शुद्ध मराठीत म्हणाली. मी चादरी टांगल्या, ॲप पुन्हा चालू केलं, आणि पुढचा पाठ वाचायला घेतला.