भिंतीवर हिराबाई नव्हती

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. त्यामुळे "काका, पत्रिका दाखवून घ्या" अशा कमेंट्स कृपया नकोत. उभं आयुष्य मयत माणसांची पोर्ट्रेट्स रंगवण्यात गेलं, पण त्यातल्या एकानेही येऊन कधी तक्रार केली नाही. तक्रारी नातेवाइकांनी केल्या... भरपूर.

गोष्ट मोबाईल यायच्या आधीची. बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली होती. खाली बुक-बाइंडिंगचं दुकान. ते चालवायच्या हसीनाखाला, साठीच्या, बोलायला फटकळ. मी पासपोर्ट फोटोवरून पोर्ट्रेट्स करून पोट भरत होतो. नाव व्हायचं तर चित्र रंगवायला मोठी भिंत मिळायला हवी होती, आणि ती काही मिळत नव्हती.

एक दिवस खाला जिने चढून वर आल्या. म्हणाल्या, "माझ्या अम्मीचं चित्र काढाल?"

"फोटो आहे?"

"फोटो असता तर फ्रेमवाल्याकडे गेले असते. तुमच्याकडे कशाला?"

खालांचे वडील जुन्या वळणाचे, घरात कुणाचाच फोटो नव्हता. आई गेली तेव्हा खाला सहा वर्षांच्या होत्या. आता त्यांना आईचा चेहराच आठवत नव्हता. "वर गेल्यावर ती शेजारून निघून गेली, तर मला कळायचं कसं, सांगा?" हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या.

मग आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती केली. खालांच्या भावाचं नाक घेतलं, त्यांच्या मुलीची हनुवटी घेतली. साठीच्या बाईची आई म्हणून केस पांढरे केले, सुरकुत्या घातल्या. एकामागून एक आठ स्केचेस केली. प्रत्येक वेळी उत्तर एकच — "छान आहे हो, पण ही दुसरीच कुणीतरी."

"आठवत नाही म्हणता, मग ही नाही हे कसं कळतं?"

"तेवढं कळतं."

मी नाद सोडला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं.

त्याच सुमाराला मला भिंत मिळाली. मार्केट यार्डात व्यापाऱ्यांच्या एका संघटनेच्या गोदामाची, चांगली तीस फूट. विषय अर्थातच बाजार. मधोमध भाजीवाली हवी होती, म्हणून कात्रजकडून मेथी घेऊन येणाऱ्या हिराबाईंना समोर बसवून स्केच केलं. पन्नाशीच्या, रापलेला चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू. स्केचवर चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे, आणि एकेक चौकोन वर उतरवत जायचा — म्युरलची ही जुनी पद्धत. परांचीवर नाक भिंतीला लागेल इतके आपण जवळ असतो, त्यामुळे अख्खा चेहरा कधी दिसतच नाही. म्हणून प्रत्येक चेहऱ्यानंतर खाली उतरून लांबून बघायचं, हा नियम. मी तो पाळला नाही. उद्घाटन तोंडावर होतं, आणि समोर कांद्याचे ट्रक खेटून उभे असायचे. तीन दिवस मी लांबून पाहिलंच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ट्रक हलले. खालून हिराबाईंचा आवाज आला, "ओ पेंटर! ही कोन हाय? म्या एवढी तरनी कवा हुते?"

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि पाहिलं. भिंतीवर विशी-बाविशीची मुलगी होती. कपाळ मोकळं. हिराबाईंशी काहीही साम्य नाही.

टेप घेऊन पुन्हा वर चढलो. एकेक चौकोन स्केचशी ताडून पाहिला. डोळ्याचा कोपरा, नाकपुडी, ओठांची रेघ... सगळं जिथल्या तिथे. कुंकू मात्र मी भरलंच नव्हतं. का, ते आठवत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "राहू द्या, तरुण बाई आहे. बरंच झालं." उद्घाटन झालं, पुढे कामंही मिळाली.

पण त्याआधी, त्याच चौथ्या दिवशी दुपारी, खाला वर्षाच्या तिखटाची मिरची घ्यायला यार्डात आल्या. मी हाक मारली, त्यांनी वर पाहिलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवली. अर्धा तास त्या जागच्या हलल्या नाहीत.

नंतर त्याच स्केचवरून, तेच चौकोन आखून, मी तो चेहरा कॅनव्हासवर दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा हिराबाईच आल्या. एक कॅनव्हास त्यांना देऊन टाकला, खूश झाल्या. हात थकला होता, उन्हाने डोळे दिपले होते, असं मीच स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

त्या दिवशी मिरचीचं पोतं घेऊन मी खालांना रिक्षाने घरी सोडलं. स्वारगेट मागे पडलं. मग खाला पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "एवढीशी पोरगी होती हो... माझ्या नातीएवढी. आणि मला टाकून गेली म्हणून मी जन्मभर तिच्यावर रागावले."