निकेल आखडते

अनुसयाबाई मूळची नाचणगावची. सिंदी मेघेला दिली, आणि बारा वर्षं वर्ध्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट. तीही टेम्पररी. दर जूनला नवी ऑर्डर, दर जूनला तीच धाकधूक. १९९७ साली परमनंट करायची फाईल एकदाची हलली, आणि नेमका तेव्हाच फिजिक्सच्या योगेंद्र सरांनी बाईच्या हातात मेमो ठेवला.

भांडण होतं एका प्रयोगाचं. तारेच्या कॉइलमध्ये हातभर लांब धातूची कांडी. तिचं एक टोक घट्ट आवळलेलं, दुसरं काचेवर ठेवलेल्या सुईवर टेकलेलं. सुईला आरशाचा चिमुकला तुकडा चिकटवलेला, त्यावर दिव्याचा झोत. कॉइलमध्ये जोरदार करंट सोडला की चुंबकाच्या ताकदीनं कांडीच्या आतली अणूंची घडी ताणली जाते नाहीतर आवळते. फरक केवढा, तर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढ्यानंही सुई जराशी लोळते, आरसा कलतो आणि भिंतीवरचा कवडसा वीतभर सरकतो. ती सुई बाईच्या शिवणाच्या डबीतली होती. कॉलेजची हरवून चार वर्षं झाली होती आणि नव्या सुईचा अर्ज ऑफिसात धूळ खात होता.

त्या साली लोखंडाची कांडी गंजली, म्हणून बाईनं कपाटातली निकेलची लावली. सरांना सांगितलंही. सर नवे आणि कायम घाईत, ते नुसतं "हो हो" म्हणाले. मग प्रॅक्टिकलला पोरांचा कवडसा डावीकडे गेला. सरांच्या नोट्समध्ये होता उजवीकडे. वाचलं होतं लोखंडाबद्दल, समोर होतं निकेल, आता बोला. सरांनी चाळीस जर्नलांवर लाल रेघा ओढल्या आणि मेमोत लिहिलं, 'अटेंडंटने तारा उलट्या जोडल्या व घरची सुई लावून उपकरण बिघडवले.' प्राचार्य म्हणाले, माफीनामा द्या, फाईल पुढे पाठवतो.

"देऊन टाक ना," घरी नवरा रूपराव म्हणाला. "पाण्यात राहून माशाशी वैर काऊन करतं? सही केल्यानं का हात झिजते?"

"हात नाई झिजत," बाई म्हणाली. "पन चाळीस पोट्ट्यायनं डोयानं पाह्यलं ते खोटं ठरते. अन् बारा वर्षं मी काय झाडूच मारून राह्यली होती का तिथं?"

सकाळी ती तडक प्राचार्यांच्या खोलीत गेली. "माफी मांगतो साहेब, पन आधी पाहून घ्या," म्हणाली. प्राचार्य आले, सर आले, मागून पोट्टे आले.

बाईनं करंट सोडला. कवडसा डावीकडे गेला.

"तारा उलट्या आहेत," सर म्हणाले.

बाईनं करंट बंद केला, सगळ्यांच्या देखत तारा अदलाबदल केल्या आणि पुन्हा सोडला. कवडसा पुन्हा डावीकडेच. "तार कशीबी लावा सर, चुंबकाचं उत्तर-दक्षिण फिरते, कांडीले त्याचं काई नाई."

"मग कॉइल तापली असेल. उष्णतेनं होतं असं."

बाईनं करंट तोडला आणि कांडीच्या कॉइलबाहेर आलेल्या भागाखाली स्पिरिटचा दिवा धरला. कवडसा हळूहळू उजवीकडे सरकला. "तापल्यावर धातू वाढते, हे तुमीच शिकवता. वाढला का उजवीकडं जाते. मंग डावीकडं गेला तवा काय झाला?"

मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "आखडला." सरांनी नोट्सची वही मिटली. त्यांना उत्तर कळलं होतं, पण चाळीस पोरांसमोर चूक कबूल करायची नव्हती. बाईला त्यांची कीवही आली आणि रागही आला.

प्राचार्य म्हणाले, "तुमचं बरोबर असेल, पण मेमो संस्थेकडे गेलाय. माफीनाम्याशिवाय फाईल हलणार नाही."

बाईनं माफीनाम्याचा कागद घेतला, टेबलावर वाकून एक ओळ लिहिली आणि खाली सही केली. 'निकेल आखडते. तार कशीही जोडा.'

फाईल जिथल्या तिथे राहिली. पुढच्या जूनला क्लार्कनं पुन्हा माफीनाम्याचा कागद पुढे केला, बाईनं पुन्हा तेच लिहिलं. त्याच्या पुढच्या दोन जूनलाही तेच. पगार तेवढाच, रूपरावची कटकट तेवढीच, आणि सुई दर जुलैला डबीतून येऊन जागेवर बसलेली.

२००१ मध्ये नवे प्राचार्य आले. त्यांनी फाईल उघडली, एकाच मजकुराचे चार कागद पाहिले आणि योगेंद्र सरांना बोलावलं. "हे काय आहे?"

अनुसयाबाई दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही.

"बरोबर लिहिलंय, सर," ते म्हणाले. "निकेल आखडतं. चूक माझी होती."

"लिहून द्या," प्राचार्य म्हणाले.

बाईनं ट्रे ठेवला आणि कमरेला खोचलेला पेन काढून सरांच्या हातात दिला.