काकांचे वाल आणि दवाखान्याच्या खाटा

माझ्या मावशीच्या यजमानांइतका चौकस माणूस पनवेलात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये अशी मावशीची देवाजवळ रोजची प्रार्थना असे. मिठाच्या खात्यातली नोकरी संपली तरी काकांची मोजदाद संपली नव्हती. लग्नाच्या पंगतीत बसले की कोणत्या रांगेला जिलबी आधी पोचते याच्यावर त्यांची नजर. देवळात कीर्तन रंगात आलं की हे मागे वळून किती जण पेंगताहेत ते बघत. एकदा बुवांनीच थांबून विचारलं, "काय बघता?" तर काका हात जोडून म्हणाले, "उत्तररंगात झोप जास्त लागते, बुवा. पूर्वरंग बरा होता." त्यानंतर मावशीनं त्यांच्याबरोबर कीर्तनाला जाणं सोडलं.

अशा माणसाला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आमच्या गावच्या दवाखान्यात पडून राहावं लागलं, हा दवाखान्याच्या नशिबाचा भाग. खाट मिळाली नाही म्हणून काका व्हरांड्यात चटईवर होते. आसपासच्या खेड्यांतले लोक तिथे दाटीवाटीनं पडलेले. डॉक्टरांना पाय ठेवायला जागा नसे. पडल्या पडल्या काकांनी शेजारपाजारी चौकशी सुरू केली. खाटेवर बसून मजेत भाकरी खाणाऱ्या रोडपालीच्या एका बाईला ते म्हणाले, "तुम्हाला काय होतंय, बाई?"

"मना काय व्हनार? मी कवाची बरी झाली. पन जानार कशी? बाजारच्या दिशी भावाची गाडी येल, तवा जाईन."

काकांचं दुखणं तिथेच पळालं. घरी आल्यावरही ते रोज सकाळी काठी टेकत दवाखान्यात जाऊ लागले. प्रत्येक खाटेशी थांबून विचारपूस करायची. खरा आजारी असेल त्याच्यासाठी एका खिशात वाल टाकायचा, आणि बरा होऊन गाडीची वाट बघणाऱ्यासाठी दुसऱ्या खिशात चिंचोका. घरी येऊन ते मावशीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरायचे. एके दिवशी मावशीनं बरणीतले वाल भिजत घालून चांगलं बिरडं केलं. काका दोन वाट्या बिरडं खाऊन, तृप्त होऊन, हात धुवायला उठले आणि बरणी रिकामी बघून मटकन खाली बसले. "अगं, सगळे आजारी खाल्लेस की!"

"तुम्हीही खाल्लेत," मावशी म्हणाली.

मी त्यांना सुचवलं, चिंचोके आहेत ना, तेवढेच दाखवा डॉक्टरांना. काका माझ्यावर उखडले. "एकाच बरणीवरून बोलणं म्हणजे थाप मारणं!" त्यांनी चिंचोके ओतून दिले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

हे सगळं मला गमतीचं वाटे, माझ्या बायकोचे दिवस भरत येईपर्यंत. सुईणीनं पोटाला हात लावून सांगितलं, "मूल आडवं हाय. दवाखान्याबिगर नाय जमायचं." त्याच आठवड्यात कोन गावची एक अडलेली बाई खाट नाही म्हणून फाटकावरून परत जाताना मी डोळ्यांनी पाहिली होती. मला अन्न गोड लागेना.

काकांनी दोन्ही बरण्या उचलल्या आणि मला घेऊन डॉक्टरांसमोर उभे राहिले. चिंचोक्यांची बरणी वालांच्या बरोबरीनं भरली होती.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या दवाखान्यातली धडधाकट माणसं. ही घरी पोचवा, खाटा आपोआप मोकळ्या होतील."

"पोचवू कशी? माझ्याकडे काय गाड्या आहेत?"

गाड्या कुठे आहेत हे मिठाच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक होतं. मीठ उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या त्यांनी रस्त्यात उभ्या केल्या. रोडपालीचा एक थोराड गाडीवान हसून म्हणाला, "मानूस काय, दादा, गोनीपरीस हलकाच! बसवा." तेव्हापासून डॉक्टर सकाळीच कोण घरी जाणार ते सांगत आणि काका फाटकावर उभे राहून गावांची नावं पुकारत. मुंबईच्या गोदीवर जहाज सोडावं असा त्यांचा थाट असे. हळूहळू व्हरांडा मोकळा झाला. चटया गुंडाळून कोपऱ्यात गेल्या.

माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला नेल्या नेल्या खाट मिळाली. दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. डॉक्टर घाम पुसत बाहेर आले, म्हणाले, "मुलगी. दोघी सुखरूप." मी व्हरांड्याच्या मोकळ्या फरशीवर चक्क आडवा झालो आणि वेड्यासारखा हसत राहिलो.

पुढे काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं काका पुन्हा तिथे होते. बरे वाटल्यावर डॉक्टरांनी सोडलं. घर हाकेच्या अंतरावर, पण तो थोराड गाडीवान ऐकेना. त्यानं गाडीत पेंढा पसरून काकांना बसवलं आणि मुद्दाम बाजारातून मोठ्या वळशानं नेलं. ओळखीची खेडूत माणसं थांबून हात जोडत होती. काका ओशाळून टोपी सारखी करत होते. दारात मावशी उभी होती.

"आलात?" ती म्हणाली.

"आलो," काका म्हणाले.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पण त्या दुपारी मावशीनं त्यांचा हात धरून त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि गाडीवान बैलांना पाणी दाखवून सावकाश आपल्या वाटेला लागला.