पुजलेली स्कूटर, गाडलेलं झाकण

खंडेनवमीला पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मशिनं पुजून बंद ठेवली, म्हणून मी दुपारीच सुटले. निघताना मालकांना विचारून कपाटातला एक जुना मेटल डिटेक्टर घेतला. आम्ही तेच बनवायचो, आणि तपासणीचं काम माझ्याकडे होतं.

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत गणपतीपासून आमच्या विंगला पाणी नव्हतं. दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच कमिटीने मांडवासाठी मुरूम ओतला आणि व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण त्याखाली गाडलं गेलं. प्लंबर म्हणे, "इथंच कुठंतरी असेल." अध्यक्ष पलीकडच्या विंगमध्ये तळमजल्यावर राहायचे, त्यांच्या नळाला धो धो पाणी. माझा नवरा फिरतीवर, मी कामावर. टँकरचं पाणी हंड्याने तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या त्या माझ्या सासूबाई. संध्याकाळी त्यांचे सुजलेले गुडघे शेकताना माझं डोकं फिरायचं.

मी बांगड्या, अंगठी उतरवून कामाला लागले. जमीन मूळची मिठागराची, त्यात ओली, त्यामुळे यंत्र उगाच गुणगुणत होतं. ते त्या जमिनीशी जुळवून घेतलं, मग तबकडी मातीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवू लागले, एका पट्ट्यावर दुसरा थोडा चढवत. मांडवाचे खिळे जिथे तिथे पडलेले. त्यांचा आवाज तुटक यायचा. मला लांब, सलग आवाज हवा होता.

तेवढ्यात सेक्रेटरींनी "द्या इकडे वहिनी, तुमचं काम नाही ते" म्हणत यंत्र हातातून ओढलं आणि खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून विळ्याने गवत कापावं तसं हवेत फिरवलं. ते सारखंच कोकलायला लागलं. "बिघडलंय," ते म्हणाले. अडाणीपणाचा नाही, त्या तोऱ्याचा मला संताप आला. मी यंत्र काढून घेतलं.

सगळं अंगण झालं. राहिली फक्त अध्यक्षांच्या हार घातलेल्या स्कूटरखालची जागा. तिथे यंत्र ओरडणारच, पण ते स्कूटरमुळे की झाकणामुळे, हे ती हलवल्याशिवाय कसं कळणार?

"काका, जरा गाडी बाजूला घ्या," मी शेजारीच उभ्या असलेल्या अध्यक्षांना म्हटलं.

"आज नाही. पूजा झालीय. खंडेनवमीला पुजलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो. उद्या बघू."

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. नुसतं ढकलायचं होतं, चालवायचं कुठे होतं? मी तोंड उघडणार, इतक्यात सासूबाई रिकामा हंडा घेऊन जिन्यावरून उतरल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हंडा स्कूटरशेजारी ठेवला, स्कूटरच्या चाकावरचं हळदकुंकू बोटाने घेऊन हंड्याला लावलं, हारातलं एक झेंडूचं फूल वाहिलं आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"झाली पूजा," त्या म्हणाल्या. "आता ह्यालाही आज हात लावायचा नाही. पाणी कोण चढवणार, ते तुम्ही ठरवा."

खिडक्यांतून बायका बघत होत्या. अध्यक्षांनी स्कूटर ढकलली. गाडी गेली तरी आवाज तिथेच राहिला, लांब आणि सलग. वीतभर खणलं आणि झाकण लागलं.

अध्यक्ष म्हणाले, "बघा, शुभ दिवशीच मिळालं." मी झाकण उचलून व्हॉल्व्ह उघडला. पाणी तिसऱ्या मजल्यावर आलं. सासूबाईंनी मात्र हंडा दसरा उजाडेपर्यंत अंगणातून उचलला नाही. पूजा केली होती ना त्याची.