पारूबाईचा गूळ

माझी आई पारूबाई कुणाच्या शेतातलं कणीस मोडायची नाही की वाटेवर पडलेली चिंच उचलायची नाही. पण घरात गूळ असला की तिचा हात राहायचा नाही. भाकरी थापायच्या आधी एक खडा, भाकरी झाल्या म्हणून एक, दळण निवडताना तोंड कोरडं पडलं म्हणून एक. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून सगळं बघायचे. "पारू, मुंगीसुदीक मधी दम खाती गं," म्हणायचे. आबांना गोडाची आवड नव्हती. आई पदराआड पुटपुटायची, "गाढवाला गुळाची चव काय!" आबांना ते ऐकू जायचं आणि ऐकू गेलं नाही असं ते दाखवायचे. उंब्रजच्या आमच्या घरात नवरा-बायकोचं प्रेम म्हणतात ते एवढंच मला दिसलं, आणि ते काही कमी नव्हतं.

गुळाबरोबर बाकीचं ओघानंच यायचं. आखाडात कापण्या, हिवाळ्यात शेंगदाण्याचे लाडू, जत्रेतून आणलेली गोडीशेव. डबा भरला की आई त्याला राखण बसल्यासारखी बसायची आणि तीच तो संपवायची. आम्ही भावंडं तिला हसत होतो.

तिच्या गुळाची गोष्ट मात्र हसण्याची नव्हती. ती वडूजकडच्या कोरडवाहू गावातली. पाऊस दडी मारायचा आणि तिचा बाप हिवाळ्यात कृष्णाकाठी गुऱ्हाळावर ऊस वाहायला जायचा. पोरीला बरोबर न्यायचा. गुऱ्हाळाच्या दारात आलेला माणूस रिकाम्या हातानं परत पाठवायचा नाही, ही आमच्या भागाची रीत. रीत आमच्या लोकांनाही लागू होती. फक्त गूळ देणारा हात वर राहायचा आणि गूळ वरून पडायचा, शिवाशिव होऊ नये म्हणून. सहा-सात वर्षांची पारू ओचा पसरून उभी राहायची. कढत गूळ परकरातून मांडीला चटका द्यायचा. ती हलायची नाही, कारण हलली तर गूळ मातीत जायचा.

छप्पन सालानंतर तिच्या बापानं दीक्षा घेतली आणि घरी येऊन पोरांना सांगितलं, "आता कुनाफुडं वटी पसरायची न्हाई. खायाचा तर इकत आनून खाऊ." आई म्हणायची, त्या हंगामात गुऱ्हाळाचा वास यायचा आणि ती नाक दाबून रानात पळायची. पुढं खडी फोडायला जायला लागली. पहिल्या मजुरीतून तिनं लुगडं घेतलं नाही, बांगड्या घेतल्या नाहीत. दुकानात जाऊन गूळ मागितला आणि दुकानदारानं तो कागदात बांधून तिच्या हातात दिला. हातात. हे सांगताना ती हाताचा तळवा उघडून दाखवायची.

म्हणून मी साताऱ्याहून माहेरी येताना तिच्यासाठी कंदी पेढे आणायची आणि आबांनी कितीही कपाळाला आठ्या घातल्या तरी पुडा तिच्याच हातात द्यायची. मी साताऱ्यात शाळेत शिकवते. शिकवण्यानं माणूस तापट होतो म्हणतात. मी आधीपासूनच होते.

पंच्याण्णव साली माझ्या भावाच्या, राजरत्नच्या मुलीला साखरेचा आजार निघाला. प्रियदर्शनी आठ वर्षांची. सगळे तिला प्रिया म्हणत. पोर सारखं पाणी प्यायची, अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर. शेवटी मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की हा आजार म्हाताऱ्यांचाच असतो असं काही नाही, आणि पोरीला रोज सुई टोचावी लागेल, जन्मभर. राजरत्न शिरवळला कारखान्यात, आठवड्याला यायचा. त्याची बायको कमल मजुरीला जायची. सुई टोचायचं काम आबांनी घेतलं. आबा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. हात थरथरू न देता टोचायचे आणि मग परसात जाऊन उगीच सरपण फोडत बसायचे. औषधाची बाटली माठात, ओल्या वाळूत ठेवलेली असायची, कारण वस्तीत फ्रिज कुणाकडंच नव्हता.

आणि आबांनी फर्मान काढलं. "आजपासनं ह्या घरात ग्वाड वस्तू येनार न्हाई. पोरीफुडं कुनी खायाचं न्हाई, पोरीमागं बी कुनी खायाचं न्हाई. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

गूळ गेला, साखर गेली, लाडवांचे डबे घासून पालथे झाले. भडंग आणि शेवसुद्धा गेली, कारण आबांच्या मते खारं खाल्लं की तोंड गोड मागतं. चहा बिनसाखरेचा. मी त्या दिवाळीला पेढे घेऊन आले तर आबांनी मला उंबऱ्यातच थांबवलं. "ते भाईर दिऊन ये." मी चिडले. माहेरी आलेल्या लेकीला कुणी दारात थांबवतं का? पण त्यांच्या मागं प्रिया उभी होती आणि तिचे डोळे पुड्यावर होते. मी मुकाट्यानं समोरच्या, गुंडा नावाच्या माणसाच्या किराणा दुकानात पुडा देऊन आले.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कमलवहिनीला एक गोष्ट दोनदा बजावली होती. सुई दिल्यावर पोर नीट जेवली नाही, जास्त पळाली, तर तिची साखर एकदम उतरेल. घाम येईल, हातपाय कापतील, ती बरळेल. तेव्हा ताबडतोब तोंडात गोड गेलं पाहिजे, नाहीतर पोर हाताला लागायची नाही. म्हणून साखर कायम जवळ ठेवा. वहिनीनं हे घरात सगळ्यांसमोर सांगितलं. आबा म्हणाले, "घरात ठिवली की हात जातो. आपल्या घरात कुनाचा हात ऱ्हात न्हाई ते समद्यास्नी ठावं हाय."

सगळ्यांनी आईकडं पाहिलं. आईनं खाली मान घातली. मग असं ठरलं की साखर गुंडाच्या दुकानातच आहे असं समजायचं. दुकान हाकेच्या अंतरावर. लागली तर धावत आणायची.

त्या संध्याकाळी आईनं प्रियाला मांडीवर घेतलं आणि माझ्यादेखत तिला शब्द दिला. "मी बी सोडला बग गूळ. तू न्हाई तर मी न्हाई. दोगी बी संगटच."

प्रियानं विचारलं, "कायमचा?"

"कायमचा."

आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी निर्धास्त साताऱ्याला गेले.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत मी उंब्रजला आले होते. भुईमूग काढणी चालू होती, त्यामुळं अख्खी वस्ती रानात, घरोघरी कड्या आणि कुलपं. वहिनीही गेली होती. सकाळी आबांनी सुई दिली. प्रिया अर्धी भाकरी खाऊन उठली, कारण बाहेर पोरी लंगडी खेळत होत्या. आई "खा गं, खा गं" करत मागं लागली, पण पोर निसटली. तिला रोज रोज ते बंधन, रोज रोज ते मोजून खाणं. मीच म्हणाले, खेळू दे की जरा.

उन्हं चढल्यावर ती परत आली ती भिंतीला धरून. कपाळावर घाम. मला म्हणाली, "आत्या, शाळा सुटली व्हय?" शाळेला सुट्टी होती. तिनं दोन पावलं टाकली आणि ओट्याच्या कडेला बसली, बसली म्हणजे कोसळलीच.

आबा माठाकडं धावले. "शुगर वाढली. सुई दितो."

"आबा, नको!" मी ओरडले. वडिलांवर मी असं कधी ओरडले नव्हते. "घाम आलाय तिला. उतरलीय. गोड पायजे, गोड!"

त्यांचा हात माठातच थांबला. मग ते घरभर बघायला लागले. फळीवरचे डबे, शिंकं, कोनाडा. डाळ, तिखट, मीठ, हळद. त्यांनी स्वतःच रिकामं केलेलं घर. मी गुंडाच्या दुकानाकडं पळाले. दुकानाला कुलूप. गुंडा कऱ्हाडला माल आणायला गेलेला. मी कुलपावर हात आपटला, शेजारच्या दारांवर आपटला. सगळीकडं कड्या. मला त्या वेळी आबांचा इतका राग आला, आणि इतकी भीती वाटली, की माझे पाय कुठं पडत होते ते मला आठवत नाही.

परत आले तर आई चुलीमागं गुडघ्यावर बसलेली. तिथं कोपऱ्यात हुलग्याचं गाडगं असायचं. हुलगे आमच्याकडं पावसाळ्याशिवाय कुणी शिजवत नाही. आईनं गाडगं सरळ उपडं केलं. हुलगे जमिनीवर पसरले आणि त्यातून फडक्यात बांधलेला गुळाचा एक खडा निघाला.

तिनं तो आबांकडं पाहत पाहत फोडला नाही की लपवत लपवत फोडला नाही. पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचला, पाण्याचा थेंब घालून बोटानं कालवला आणि प्रियाचं तोंड उघडून गालाच्या आत चोळला. "गीळ, माजे बाई, गीळ." पोर डोळे पांढरे करत होती. आई चोळत राहिली. थोड्या वेळानं प्रियाची जीभ हलली. मग तिनं आईचं बोट चोखलं, तान्ही असताना चोखायची तसं. आबांनी भिंतीला पाठ लावली आणि खाली बसले.

हळूहळू तिच्या अंगाची थरथर थांबली. तिनं माझ्याकडं बघून "आत्या" म्हटलं तेव्हा मी रडले. आईनं तिला भाकरी-दूध भरवलं. सगळीकडं हुलगे सांडलेले आणि मधे पाट्यावर उरलेला गूळ.

आबांनी विचारलं, "ह्यो कवाचा?"

आवाजात दम नव्हता. दम असता तर बरं झालं असतं.

"सोडला न्हवता मी," आई म्हणाली. "चार दीस सोडला. मग ऱ्हावंना. रानातनं येताना आनायची, दुपारचं समदी निजली की खडाभर खायाची. लय डाव ठरीवलं, आज शेवटचा." तिनं प्रियाकडं पाहिलं नाही. "तुमी काय बी म्हना. मला हाकलून द्या. पन पोरीला शबुद दिऊन मी तिच्यामागं खात हुते, ह्ये खरं हाय."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मी शाळेत फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. त्या क्षणी मला ती म्हण लिहिणाऱ्याचा राग आला. पोर वाचली होती ती त्याच खोडीनं. आणि तरीही आई अशी बसली होती जणू तिनंच पोरीला विष घातलंय.

आबा म्हणाले, "पारू, चुकलं ते माजं. साखर ठिवायला सांगितलं हुतं, मी ठिवू दिली न्हाई."

आईनं मान हलवली. तिला आबांच्या माफीशी देणंघेणं नव्हतं. ती ज्या माणसाची चोर होती ते माणूस गोधडीवर पडलं होतं.

"प्रिये," ती शेवटी म्हणाली, "आज्जी लबाड हाय तुजी."

प्रिया म्हणाली, "मला ठावं हुतं."

आम्ही सगळेच तिच्याकडं वळलो.

"हुलग्यात हाय ते. तुज्या तोंडाला वास येतू की, आज्जे. दुपारचा."

"मंग आबास्नी सांगितलं न्हाईस?"

"तुला वरडलं असतं."

आई गुडघ्यावर तिच्याकडं सरकली. "आन तू... तू घेतलास का त्यातला?"

"न्हाई." पोरीनं जोरात मान हलवली. मग जरा थांबून, चोरी पकडल्यासारखं, हळूच म्हणाली, "नुसता वास घेतलाय. तू रानात गेलीस की फडकं सोडून वास घ्यायची आन परत बांदून ठिवायची. रोज." तिचे डोळे भरून आले. "आज्जे, वासानं शुगर वाढती व्हय? त्यानं झालं का ह्ये?"

आबा उठून बाहेर गेले. सरपण फोडल्याचा आवाज काही आला नाही.

आईनं तिला ओढून घेतलं. ओचा पसरून कढत गूळ झेलणारी माझी आई, खडी फोडताना बोट ठेचलं तरी हूं न करणारी, ती त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. "न्हाई गं माजे बाई. वासानं न्हाई वाढत. न्हाई वाढत."

"मंग घरात ऱ्हाऊ दे की," प्रिया म्हणाली. "मी खात न्हाई."

त्या दिवसापासून गूळ चुलीशेजारच्या फळीवर उघडा राहिला. कुलूप नाही, झाकण नाही. नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आई गेली. तोवर तिनं त्या गुळाला अनेकदा हात लावला, प्रियाला घाम फुटला की. आणि प्रत्येक वेळी बोटाला चिकटलेला गूळ तिनं पाण्यानं धुऊन टाकला.