बैल देणाऱ्यांची यादी

त्या पेपरचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांना बरं वाटेल. कोल्हापुरात सकाळी चहाच्या गाड्यावर ज्याची चार पानं चार हातांत असतात, तो पेपर. एवढं पुरे.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी कुणी न विचारता सांगतो आणि त्याची मला लाज नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दूध डेअरीच्या वहीत अंगठा उठवायचे. मी इतिहासात एम.ए. केलं. नव्वदच्या दशकात त्या डिग्रीवर नोकरी मिळेना, म्हणून एका निवृत्त प्राध्यापकांच्या हाताखाली मोडी वाचायला लागलो. सर एका जुन्या जहागिरदार घराण्याचं दप्तर लावत होते. पेठेतली एक खोली, भिंतीला रुमालांत बांधलेल्या जुन्या कागदांची गाठोडी, आणि सरांचा एकच नियम: कागद पुरा वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

त्या गाठोड्यात एक दिवस माझ्या गावाचं नाव निघालं. मलकापूरच्या रस्त्याला आत गेलं की आमचं गाव लागतं. गावामागं मोठं तळं आहे, ते जहागिरदारानं बांधलं, एवढंच सगळ्यांना माहीत. आमच्या गोठ्यापासून ते तळं हाकेच्या अंतरावर. तरी आमच्या घरची जनावरं तिथं पाण्याला नेत नसत. मी लहानपणी म्हशी घेऊन पार ओढ्यापर्यंत चालत जायचो. का, असं एकदा आईला विचारलं होतं. "आपल्यात चालत न्हाय," एवढंच ती म्हणाली. घरोघरी असलं काहीतरी चालत नसतंच, म्हणून मीही पुढं विचारलं नाही.

कागद दोन पानांचा होता. वरचं पान ओल लागून दुसऱ्याच कागदाला चिकटलेलं होतं. खालचं मोकळं होतं, त्यावर आमच्या गावातल्या माणसांची नावं, प्रत्येकापुढं 'बैल एक' नाहीतर 'बैल दोन'. त्यात माझ्या पणजाचं नाव होतं. मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. ज्या घरात कागद नव्हता, त्या घराचं नाव शाईत!

सर तेव्हा नात्यातल्या लग्नाच्या तयारीसाठी महिनाभर कुरुंदवाडला गेले होते. नेमका त्याच दिवशी पेपरच्या पुरवणीचा संपादक आला. वर्धापनदिनाचा खास अंक काढायचा होता, त्यात गावोगावचा इतिहास.

"काही ताजं आहे का?" त्यानं विचारलं.

मी यादी दाखवली.

"बैल? कशासाठी?"

"तळ्याच्या कामाचा कागद दिसतोय. वरचं पान चिकटलंय. सर आल्यावर सोडवतील."

"सर येईपर्यंत माझा अंक छापून होईल. नावं तर स्पष्ट आहेत ना? तुमचं नावही टाकतो. 'वाचन' म्हणून."

त्या एका शब्दावर मी विकलो गेलो. दुसऱ्या कुणाला दोष देत नाही. नावं लिहून दिली.

पुरवणी आली. मथळा होता: 'तलावासाठी बैल देणारे दानशूर'. खाली सगळी यादी, आणि शेवटी बारीक टायपात माझं नाव. गावात आनंदीआनंद. ज्यांची नावं होती त्या घरांनी वर्गणी काढून तळ्याच्या काठावर दगड बसवला, त्यावर नावं कोरली. उद्घाटनाला पेपरचा माणूस बोलावला. आबा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या नावानं नारळ फुटला. मी मागं उभा होतो आणि माझी मान ताठ होती, खोटं कशाला सांगू.

सर परतले. पेपर वाचला. ओला टीपकागद घेऊन ते चिकटलेलं पान सोडवायला बसले. चौथ्या दिवशी पान मोकळं झालं. त्यांनी वाचलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"मोठ्यानं वाच."

मी वाचलं. तळ्याच्या वेठीला माणूस आणि बैल पाठवायला ज्यांनी साफ नकार दिला, त्यांचे बैल जप्त करून आणले, त्यांची ही यादी, असा त्याचा अर्थ होता. वेठ म्हणजे बिनपगारी सक्तीचं काम. ती करणार नाही म्हणणाऱ्यांची नावं मी दानशूर म्हणून छापून आणली होती.

"नाव छापून आलं ना तुझं?" सर म्हणाले. "आता घाल तो पेपर कपाटात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पेपरच्या कचेरीत गेलो. संपादकानं पान पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरं मग? गावानं दगड बसवलाय. तो उपटा म्हणून छापू?"

"दगडाचं मी बोललोच नाही," सर म्हणाले. "यादी छापलीत, तिचा खरा मथळाही छापा. चार ओळींचा खुलासा."

"सर, लोक आनंदात आहेत. तुम्ही त्यांना सांगणार की तुमचे पूर्वज गुन्हेगार होते?"

"गुन्हेगार जहागिरदाराच्या लेखी. माझ्या लेखी त्या गावातली ती ताठ माणसं होती. तुम्ही त्यांना देणगीदार करून टाकलंत."

"हा तुमचा अर्थ झाला."

"अर्थ नव्हे, पहिलं पान आहे ते."

संपादक माझ्याकडं वळला. "यादी कुणी दिली? तुम्ही दिलीत. मग चूक कुणाची?"

माझ्याआधी सर बोलले, "याची. तीसुद्धा छापा."

मला सरांचा राग आला. आजही थोडा आहे. पण ते खोटं बोलले नाहीत.

खुलासा आला नाही. रविवारी त्याच संपादकाचं सदर आलं. बंद खोलीत बसणाऱ्या इतिहासकारांना शेतकऱ्याचं मोठं मन बघवत नाही, असा त्याचा सूर. शेतकऱ्याचं मन मला बघवत नाही! माझ्या पायाला शेण लागलं तेव्हा हा गृहस्थ कुठं होता? सरांनी उत्तर पाठवलं. आलं नाही. दुसरं पाठवलं. फोनवर निरोप मिळाला, की तो कागद जहागिरदाराच्या कारकुनाचा, गावाची आठवण वेगळी आहे. गावातला कुणी पुढं येऊन सांगत असेल तर बघू.

"आण गावातला माणूस," सर मला म्हणाले. "तुझा बाप आण."

मी त्याच दुपारच्या एसटीनं गेलो. आबा गोठ्यात वैरण टाकत होते. मी दोन्ही पानांचा झेरॉक्स काढून आणला होता, तो वाचून दाखवला. त्यांचा हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"माझ्या आज्याचा बैल वडून न्हेला ते. तळ्यावरच राबून मेला त्यो. म्हणून आपली जनावरं तिथं पाणी पीत न्हाईत."

मी झेरॉक्सची घडी घातली. मग माझा आवाज चढला. "आबा, ठाव हुतं तर फेटा बांधून फुडं कशाला बसलासा? एक शब्द बोलायचा की!"

"कुणी इचारलं?" आता त्यांचाही आवाज चढला. "पेपरवाल्यानं तुला इचारलं. तू कागदाला इचारलंस. एवढा शिकलास, सोळा बुकं वाचलीस, घरात बसलेल्या म्हाताऱ्याला इचारलंस व्हय?"

"आता इचारतोय. कोल्हापुरात येऊन एवढंच सांगा."

"आता? आता गावानं नारळ फोडला माझ्या नावानं. उद्या मी उठून म्हणू, पावणं, त्यो नारळ परत घ्या? डेअरीत तोंड मला दावायचं असतंय, तुझ्या सराला न्हाय."

"मग खोटं तसंच ऱ्हाऊ दे?"

"तुझं खोटं हाय. तू निस्तर. माझा अंगठा मागू नगंस."

रागानं मी पाणीसुद्धा न घेता निघालो. पत्र माझ्या एकट्याच्या नावानं गेलं. त्यात सगळं कबूल केलं: पहिलं पान न वाचता नावं दिली, ती चूक माझी, यादी जप्तीची आहे, माझ्या पणजानं बैल दिला नव्हता, तो ओढून नेला, आमच्या घरची जनावरं आजही त्या तळ्यावर जात नाहीत. पत्र रजिस्टरनं पाठवलं. पोचपावती अजून माझ्याकडं आहे.

उत्तर पुढच्या वर्धापनदिनाला मिळालं. तीच यादी पुन्हा छापली, तोच मथळा. फक्त एक नाव कमी. शेवटी बारीक ओळ: संबंधित कुटुंबाच्या आक्षेपामुळं एक नाव वगळलं आहे. सर ती ओळ वाचून हसले, आणि त्या हसण्यात मायेचा भाग नव्हता. "तुझा खुलासा आला रे," म्हणाले.

गावात मी गेलो की डेअरीपुढं बसलेले हटकायचे. "या साहेब. आज कुणाचं नाव घालवायला?" आबांना कोण काही बोलत नसे, पण पहिल्या रांगेत बसा असंही कुणी म्हणेना. दोन हजार सालानंतर कधीतरी जुना दगड काढून काळा ग्रॅनाइट बसवला. नावं पेपरातल्या कात्रणावरून घेतली, दुसऱ्या वर्षीच्या कात्रणावरून. आमचं नाव नव्हतं.

ग्रॅनाइट बसला त्या आठवड्यात मी घरी होतो. आबा म्हशी सोडत होते. वाट तळ्याच्या काठावरूनच जाते. ते दगडापाशी थांबले. अक्षर येत नव्हतं, तरी हातातली काठी वरून खाली एकेका ओळीवरून फिरवली.

"न्हाय न्हवं आपलं?"

"न्हाय."

"झालं तर मग." त्यांनी म्हशीला हाळी दिली. "आपुण बैल दिला न्हाय, ह्ये आता साऱ्या गावाला पटलं. तू म्हणत हुतास त्ये खरं झालं की!"

"आबा, दिला न्हाय, न्हेला. मी तेवढंच छापा म्हणत हुतो."

"मग छाप की," ते मागं न बघता म्हणाले, आणि म्हशी ओढ्याच्या वाटेला लावल्या.